‘चालेल’: बेन लॉअर्सवरील एका दिवसाचा प्रकरण अभ्यास

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एडिंबरोहून निघालेल्या पाच मराठी मित्रमंडळींच्या एका डोंगरफेरीचा हा अभ्यास आहे. त्या दिवशी कोणालाही इजा झाली नाही, बचाव पथकाला बोलवावे लागले नाही आणि रात्री साडेनऊपर्यंत सगळे जण आपापल्या घरी पोहोचले, त्यामुळे घडले त्याला अपघात म्हणता येणार नाही. तरीही ते सविस्तर लिहून ठेवावे असे आम्ही ठरवले, कारण त्या दिवशी आम्ही आमच्या लेखी योजनेपासून फारसे ढळलो नव्हतो; किंबहुना योजनेतली सर्वांत महत्त्वाची अट आम्ही तंतोतंत पाळली आणि ती पाळल्यामुळेच अडचणीत आलो.

पाच जणांपैकी मी स्वतः, म्हणजे वाट आखणारा आणि त्यामुळे आपोआप म्होरक्या ठरलेला. एक भूलतज्ज्ञ मैत्रीण, जिला सगळे डॉक्टर म्हणतात. एक कोल्हापूरकर जोडपे. आणि नाशिकहून संशोधनासाठी येऊन जेमतेम सहा आठवडे झालेला एक तरुण, ज्याचा उल्लेख या टिपणात मी ‘धाकटा’ असा करतो. तो मला दादा आणि डॉक्टरला ताई म्हणतो. ही माहिती वरवर अप्रस्तुत वाटेल, पण माझ्या मते प्रकरणाचे निम्मे मूळ त्या दोन संबोधनांतच आहे.

डोंगर आणि आमचा त्याविषयीचा समज

बेन लॉअर्स हा लोख टे या लांबट सरोवराच्या उत्तरेला उभा असलेला 1214 मीटरचा डोंगर आहे. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांवरच्या मोठ्या शिखरांना ‘मनरो’ म्हणतात, कारण सर ह्यू मनरो यांनी 1891 मध्ये त्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. आजच्या यादीत 282 शिखरे आहेत आणि बेन लॉअर्स त्यांत उंचीने दहावे आहे. फुटांत मोजले तर ते चार हजारांना सतरा फूट कमी पडते, आणि ही उणीव एका स्थानिक गृहस्थांना इतकी बोचली की 1878 मध्ये त्यांनी शिखरावर वीसेक फुटांची दगडी रास रचून घेतली. ती उंची टिकली नाही, डोंगर आहे तेवढाच राहिला.

नेहमीची वाट साधारण 400 मीटरवरच्या वाहनतळापासून निघते, नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने मेंढ्या आणि हरणांपासून राखण्यासाठी कुंपण घातलेल्या पट्ट्यातून एड्रामकी ओढ्याच्या काठाने वर चढते, मग 1103 मीटरच्या बेन ग्लास या दुसऱ्या मनरोवर नेते, तिथून साधारण 1000 मीटरवरच्या खिंडीत उतरते आणि ईशान्येकडे पुन्हा चढून लॉअर्सच्या माथ्यावर पोहोचते. परतताना बेन ग्लास पुन्हा चढावे लागत नाही, कारण खिंडीतून एक जुनी आडवी वाट त्याच्या उत्तर अंगाने फिरून मॉल कॉरानिखच्या बाजूच्या खिंडीत जाते आणि तिथून खाली ओढ्याकडे उतरते. एकूण अंतर जवळपास 11 किलोमीटर, एकूण चढ सुमारे 900 मीटर.

या आकड्यांकडे आम्ही ज्या नजरेने पाहिले ती नजर सह्याद्रीत घडलेली होती. कळसूबाई 1646 मीटर, ब्रिटनमधले सर्वांत उंच बेन नेव्हिस 1345 मीटर. तेव्हा बाराशे मीटरचा डोंगर तो काय, असे कोल्हापूरकर गाडीत म्हणालेही. या विधानात आकडा खरा आहे आणि अर्थ चुकीचा. छप्पन्न अंश अक्षांशावर, अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत हजार मीटरवर झाड उगवत नाही. तिथे ध्रुवाकडच्या प्रदेशांत आढळणाऱ्या वनस्पती खडकाच्या फटींना धरून जगतात, आणि बेन लॉअर्स वनस्पतिशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे तो याच वनस्पतींसाठी. सह्याद्रीतला ट्रेकर उन्हाला, तहानेला आणि कड्याला भितो. दमला की सावलीत बसतो आणि बसल्याने त्याला बरे वाटते. इथे बसणे म्हणजे गारठणे. पावसाळी ट्रेकमध्ये आम्ही सगळेच तासन् तास चिंब भिजून चाललेलो आहोत, पण ते बावीस-तेवीस अंशांतले भिजणे होते आणि ओल्या कपड्यांचे भय अंगात मुरायला ते पुरेसे नसते.

याहून खोल रुजलेली सवय सूर्यास्ताची होती. महाराष्ट्रात वर्षभरात सूर्यास्ताची वेळ तास-सव्वा तासाहून फारशी हलत नाही. ‘सहा-साडेसहाला अंधार’ एवढे ज्ञान आयुष्यभर पुरते, आणि ज्याला ते पुरते त्याला सूर्य कधी मावळतो हा प्रश्न विचारायची सवयच लागत नाही. लोख टेच्या काठी डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री दहा वाजून गेल्यावर.

योजनेचे पान

मी दर फेरीला एक पान तयार करतो. त्यावर वाटेचे टप्पे, प्रत्येक टप्प्याचा अंदाजे वेळ, माघारीच्या पर्यायी वाटा आणि एक ‘फिरण्याची वेळ’ असते, म्हणजे शिखर येवो न येवो, त्या वेळेला पाठ फिरवायची. टप्प्यांचा वेळ विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेल्या हिशेबाने काढतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने ही फेरी पावणेचार तासांत व्हायला हवी होती. पण नाइस्मिथच्या हिशेबात थांबणे नाही, खाणे नाही, वारा नाही आणि पाच जणांचा गप्पिष्ट कंपू तर नाहीच, म्हणून मी सहा तास धरले होते. फिरण्याची वेळ दुपारी तीन, कारण सूर्यास्त सुमारे सहाला होता आणि उतरायला सव्वादोन तास पुष्कळ झाले.

हे पान आधीच्या रविवारसाठी केलेले होते. त्या रविवारी वादळी पाऊस असल्याने आम्ही बेत पुढे ढकलला. गटात मी विचारले, ‘पुढच्या रविवारी चालेल?’ चौघांनी उत्तर दिले, ‘चालेल.’ मी पानावरची तारीख पेनाने खोडून सात दिवसांनी पुढे केली आणि बाकी काहीच बदलले नाही.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे जातात. सात दिवसांत दिवस आखडून गेलेली पंधरा-सोळा मिनिटे आणि घड्याळाचा हा एक तास मिळून त्या रविवारचा सूर्यास्त पावणेपाचच्या सुमारास होता. घड्याळे बदलणार हे आम्हा पाचही जणांना माहीत होते. शनिवारी रात्री ‘उद्या एक तास जास्त झोपायला मिळणार’ असा निरोपही कोणीतरी गटात टाकला होता. मिळालेला तास सर्वांनी मोजला. गेलेला तास त्याच घड्याळातून गेला असूनही कोणाला दिसला नाही. ही चूक संपूर्णपणे माझी होती, आणि तिचे वैशिष्ट्य असे की ती एकदा कागदावर आल्यावर कागदाइतकीच विश्वासार्ह वाटू लागली.

हवामानाचा अंदाज मात्र आम्ही नीट वाचला होता. माथ्यावर नैर्ऋत्येचा वारा, ताशी साठ किलोमीटरच्या आसपास. 900 मीटरवर दोन अंश तापमान. दुपारनंतर ढग सातशे मीटरपर्यंत उतरण्याची शक्यता. दोन अंशांत एवढा वारा असला की उघड्या कातडीला उणे सहासारखे वाटते. गोठण्याच्या आसपासच्या कोरड्या थंडीपेक्षा अशी ओली, वाहती थंडी माणसाला लवकर खचवते, हेही मी ऐकून होतो. ऐकून असणे आणि हातमोजे तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवस कसा गेला

साडेसातला एडिंबरोहून निघालो. किलिन गावात डॉखर्ट नदीचा धबधबा पुलावरून पाहताना आणि नंतर कॉफी घेताना चाळीस मिनिटे गेली. ती मला वाया गेली असे वाटत नाही, पण ती पानावर नव्हती. दहाऐवजी अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही चालू लागलो. कुंपणाच्या फाटकाशी धाकट्याने आपले लोकरीचे विणलेले हातमोजे दाखवून मला विचारले, ‘दादा, हे चालतील ना?’ मी पाठपिशवीचा पट्टा आवळत होतो. न वळता म्हणालो, ‘चालतील.’

बेन ग्लासच्या माथ्यावर एक वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो. तोवर ढग विरळ होते, मधूनमधून खाली सरोवर शिशासारखे चमकून जात होते आणि मंडळी खुशीत होती. धाकटा शेवटी आला. त्याने फोटोत हसून घेतले आणि खाल्ले काहीच नाही. पुढे कळले की हातमोजे ओले झाल्याने ते काढून घालणे त्याला अवघड जात होते, म्हणून त्याने डबा उघडायचेच टाळले, आणि किलिननंतर त्याच्या पोटात काही गेले नव्हते. मी सर्वांना उद्देशून विचारले, ‘जायचं पुढं? उशीर झालाय थोडा, पण तीनच्या आत होतंय.’ कोल्हापूरकर म्हणाले, ‘एवढ्या लांब आलोय तर बघूनच जाऊ की.’ बाकीचे म्हणाले, ‘चालेल.’

खिंडीत पोहोचलो तेव्हा दोनला दहा मिनिटे कमी होती आणि ढग आमच्यावर उतरला होता. पश्चिमेकडे आडवी वाट फुटते ती जागा आम्हाला स्पष्ट दिसली, आणि मागे वळून पाहता पाठ फिरवायची योग्य जागा तीच होती. तिथे मात्र मी काहीच विचारले नाही. पानानुसार सत्तर मिनिटे हातात होती, शिखराला पाऊण तास पुरणार होता, मग विचारायचे कशाला? शिवाय वारा त्या वेळी सोसवत होता. हे नीट सांगितले पाहिजे, कारण त्यात आमच्या अज्ञानापेक्षा डोंगराच्या रचनेचा भाग अधिक आहे. खिंडीतून लॉअर्सची चढण ईशान्येला जाते, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा चढताना बरोबर पाठीवर येतो. पाठीवरचा वारा ढकलतो, मदत करतो, टोपीच्या आतला आवाजही कमी होतो. त्याची खरी किंमत वळल्याशिवाय कळत नाही, आणि वळायचे असते शिखरावर.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही माथ्यावर होतो. फिरण्याच्या वेळेच्या आत, वीस मिनिटे राखून. त्या क्षणी आम्हा सर्वांना वाटत होते की दिवस उत्तम चालला आहे.

शिखरावर पंधरा मिनिटे थांबलो. दृश्यमानता वीस पावलांची. फोटोसाठी दगडांभोवती फिरलो, आळीपाळीने एकमेकांचे फोटो काढले, आणि निघालो तेव्हा मी ‘आलो तीच वाट’ म्हणून जिच्यावर पाऊल टाकले ती उत्तरेकडची धार होती. तिच्यावरही मळलेली पायवाट आहे, कारण अनेक जण तिथून पुढे आन स्टूक या शिखराकडे जातात. तिच्या पूर्वेला खूप खाली लोखन नान कात नावाचे तळे आहे आणि त्या बाजूचा उतार चुकलेल्या माणसाला क्षमा करणारा नाही. फोनवरचा नकाशा ओल्या बोटांना दाद देत नव्हता. 1:50,000 चा कागदी नकाशा माझ्या छातीशी होता, होकायंत्र पिशवीच्या झाकणात होते. दोन्ही वापरायला एक मिनिट लागले असते.

साठ-सत्तर मीटर उतरून गेल्यावर मागून धाकट्याचा आवाज आला, ‘दादा, वारा अजून पाठीवर कसा काय?’

मी थांबलो, आणि ते वाक्य समजायला मला काही सेकंद लागले. आलो त्या वाटेने उतरत असतो तर वारा तोंडावर यायला हवा होता. होकायंत्र काढले, आम्ही नैर्ऋत्येऐवजी उत्तरेला चाललो होतो. परत चढून शिखर गाठायला वेळ गेला आणि योग्य दिशा धरून पुन्हा निघालो तेव्हा तीन वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. याच वेळी डॉक्टरने सहज म्हणून घड्याळ पाहिले आणि विचारले, ‘आज घड्याळं बदलली ना? मग सूर्यास्त पानावर सहाला कसा?’ मी उत्तर दिले नाही. उत्तर सगळ्यांना एकदमच सुचले होते.

आता वारा तोंडावर होता. पाऊस आडवा येत होता. चढताना पन्नास मिनिटांत पार केलेला टप्पा उतरायला चाळीस मिनिटे लागली. खिंडीत पोहोचता पोहोचता धाकटा दोनदा ठेचाळला आणि त्याच्या हातातली काठी गळून पडली, ती उचलायला तो वाकलाच नाही. डॉक्टरने त्याला थांबवून अंगठा करंगळीला टेकवायला सांगितले. त्याला ते जमेना. तिने विचारले, ‘थंडी वाजतेय?’ तो म्हणाला, ‘चालेल, ताई.’ तिने विचारले, ‘काय खाल्लंस?’ तो म्हणाला, ‘चालेल.’ या दुसऱ्या उत्तराने आपण खरोखर घाबरलो, असे तिने नंतर सांगितले.

आडव्या वाटेवर शंभरेक पावले गेल्यावर बेन ग्लासचा आडोसा मिळतो. तिथे आम्ही बॉथी बॅग अंगावर ओढली. ही पातळ नायलॉनची मोठी, तळाशी उघडी पिशवी असते. सगळ्यांनी आत शिरून कडेवर बसायचे की दोन-तीन मिनिटांत आतली हवा माणसांच्या उबेने बदलते. धाकट्याचे हातमोजे काढून कोल्हापूरकर वहिनींचे जादा कोरडे मोजे त्याच्या हातांत चढवले, टोपी बदलली, थर्मासमधला भरपूर साखरेचा चहा आणि लोणावळ्याहून आलेली शेंगदाण्याची चिक्की दिली. हात-पाय चोळायचे नाहीत, असे डॉक्टरने बजावले. तो जोरजोरात कापत होता आणि ते चांगले लक्षण होते, कारण शरीर कापायचे थांबते तेव्हा परिस्थिती बरीच पुढे गेलेली असते. वीस मिनिटांनी त्याचा अंगठा करंगळीला टेकला. शंभरातून सात-सात वजा करत तो एकावन्नपर्यंत बिनचूक आला, आणि मग स्वतःहून म्हणाला, ‘मला खूप थंडी वाजत होती.’ दिवसभरातले त्याचे स्वतःविषयीचे हे पहिले वाक्य होते.

चार चाळीसला निघालो, पाच मिनिटांनी सूर्य मावळला. तो आम्हाला तसाही दिसत नव्हता. पाच जणांत तीन हेडटॉर्च होते, त्यांतल्या एकाची बॅटरी संपलेली. धाकट्याला मधे ठेवले, पुढे आणि मागे दिवा. आडवी वाट ठसठशीत आहे आणि वारा डोंगराच्या पलीकडे राहतो, त्यामुळे पुढचा प्रवास दलदलीत घोट्यापर्यंत पाय जाण्यापलीकडे विशेष काही न घडता झाला. साडेसहाला गाडीपाशी आलो.

काय चुकले

सूर्यास्ताचा आकडा चुकला हे उघड आहे. पण तो बरोबर असता तर सगळे ठीक झाले असते, असे मी म्हणणार नाही. सकाळी आकडा बरोबर असता तरी अकरा वाजून दहा मिनिटांनी निघालेल्या आम्ही मंडळींनी ‘अडीचला फिरू’ असे काहीतरी ठरवले असते आणि बेन ग्लासवर पुन्हा ‘चालेल’ म्हटले असते. म्हणून या अभ्यासात मी त्या शब्दाकडे अधिक लक्ष दिले आहे.

‘चालेल’ या क्रियापदाला कर्ता नसतो. ‘मी चालेन’ म्हणणारा माणूस स्वतःच्या पायांविषयी काही सांगत असतो आणि ते खोटे ठरले तर त्याला विचारता येते. ‘चालेल’ म्हणणारा स्वतःविषयी काहीच सांगत नाही; परिस्थिती कशीबशी निभेल, मोडता घालणारा मी नव्हे, एवढेच तो कळवतो. घरात, कचेरीत, लग्नाच्या बैठकीत हा शब्द फार उपयोगी आहे, कारण तो माणसांना ओशाळे न करता काम पुढे नेतो. डोंगरावर नेमका तोच गुण घातक ठरतो. त्या दिवशी पाच जणांच्या अवस्थेविषयी म्होरक्याकडे असलेली सर्व माहिती या एका शब्दात आलेली होती, म्हणजे जवळपास नव्हतीच. आणि धाकट्यापुरते बोलायचे तर त्याचे ‘चालेल’ वयाने मोठ्यांना दिलेला मानही होता. सहा आठवड्यांपूर्वी ज्या दादाने विमानतळावरून घरी आणले, ज्या ताईने पहिल्या आठवड्यात जेवू घातले, त्यांच्या उत्साहावर पाणी ओतायचे कसे?

शिखराखालचा प्रसंग या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. दिशा चुकल्याचा पुरावा पाचही जणांच्या पाठीवर आदळत होता. तो ओळखला सर्वांत नवख्याने आणि सर्वांत गारठलेल्याने, आणि बोलायला त्याला वेळ लागला, कारण ‘दादाला माहीत असेल, वाट पुढे वळत असेल’ असे त्याला वाटले. या टिपणाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की त्याला हे बोलण्याच्या चार-पाच मिनिटे आधी जाणवले असावे. मसुदा वाचताना त्याने तेवढेच खोडले आणि वर लिहिले, ‘पहिल्या पावलापासून.’

त्याच्यावर दोष येत नाही. त्याच्या हातमोज्यांना ‘चालतील’ म्हणणारा मी होतो, म्हणजे कर्ता असलेले वाक्यही मी न पाहता उच्चारले होते. आणि प्रश्न सर्वांना मिळून विचारण्याची माझी पद्धत अशी होती की ‘नाही’ म्हणणाऱ्याला चौघांसमोर एकट्याने उभे राहावे लागले असते.

घरी काय सांगून आलो होतो, हाही मुद्दा नोंदवला पाहिजे. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला डोंगरांवर पायी फिरण्याचा हक्क आहे. म्हणून पायथ्याला चौकी नाही, नोंदवही नाही, ‘पोरं अजून उतरली नाहीत’ म्हणणारे गडाखालच्या घरातले मामाही नाहीत. आपण परतलो नाही हे कळणारी व्यक्ती आपणच ठरवून ठेवावी लागते. मी पत्नीला वाट सांगितली होती आणि म्हटले होते, ‘संध्याकाळी फोन करतो.’ सात वाजायला दहा मिनिटे असताना किलिनच्या रस्त्यावर फोन लागला, तेव्हा ती काळजीत होती, पण पोलिसांना कळवावे की नाही हे तिला ठरवता येत नव्हते, कारण संध्याकाळ कधी संपते हे मी सांगितलेले नव्हते.

पुढे काय बदलले

योजनेचे पान आता तारीख बदलली की फाडून टाकतो, पुन्हा नव्याने करतो. सूर्यास्त पहिल्या ओळीत असतो आणि फिरण्याची वेळ त्याच्यावरून मागे मोजत काढलेली असते. प्रत्येकाचा दिवा आणि हातमोजे वाहनतळावर हातात घेऊन पाहिले जातात. घरी ठरलेली वेळ आकड्यात दिली जाते, आणि त्यानंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचे, हेही. होकायंत्र गळ्यात असते. शिखरावरून निघण्यापूर्वी दिशा मोठ्याने म्हटली जाते आणि सर्वांत धाकट्याने ती स्वतंत्रपणे तपासायची असते. हा शेवटचा नियम खुद्द धाकट्याने सुचवला.

विचारण्याची पद्धतही बदलली. ‘जायचं का पुढं?’ हा प्रश्न आम्ही बंद केला. त्याऐवजी प्रत्येकाला बाजूला गाठून, वयाने लहान असलेल्यापासून सुरुवात करून, ज्यांना ‘चालेल’ हे उत्तर बसतच नाही असे प्रश्न विचारतो: शेवटचे काय आणि कधी खाल्लेस, बोटांची टोके जाणवतात का, इथून फिरलो तर बरे वाटेल की वाईट. मार्चमधल्या पुढच्या फेरीत या प्रश्नांना मिळालेली उत्तरे इतकी मोकळी होती की शिखर बाजूलाच राहिले आणि आम्ही अर्ध्यातून परतलो. कोल्हापूरकरांनी त्याबद्दल आठवडाभर ऐकवले.

एका मुद्द्यावर आमचे एकमत झालेले नाही. खिंडीपाशी बॉथी बॅगमध्ये असताना मदत मागायला हवी होती का? इथे 999 वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचे असते. पथकातले लोक स्वयंसेवक असतात आणि त्यासाठी पैसे घेत नाहीत. आवाज पोहोचण्याइतके सिग्नल नसले तरी आधी नोंदणी केलेल्या फोनवरून 999 ला लेखी संदेश पाठवता येतो, आणि आमच्यात तशी नोंदणी एकट्या डॉक्टरची होती. तिचे म्हणणे असे की चार वीसलाच संदेश पाठवून ठिकाण आणि स्थिती कळवून ठेवायला हवी होती, कारण पुढे अंधारात धाकट्याचे पाय थांबले असते तर पथकाला यायला लागणारे तास आम्ही आधीच वाया घालवलेले असते. माझे म्हणणे असे की तो कापत होता, उत्तरे देत होता, पुढची वाट आडोशाची आणि ओळखीची होती, आणि स्वतःच्या पायांनी उतरू शकणाऱ्या माणसासाठी रविवारच्या संध्याकाळी दहा-पंधरा जणांना घरातून उठवणे योग्य नव्हते. ती म्हणते, उठवायचे की नाही हे पथकालाच ठरवू द्यायचे होते. पानावर या प्रश्नासाठी एक ओळ राखून ठेवली आहे, आणि सध्या तिच्यात दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांतली दोन उत्तरे आहेत.